टकटक्या बेडकाच्या क्रियापदाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
निसर्ग संग्रहालय, पहिला मजला.

अर्जदार : फलक रंगवणारा, जिन्याखालची खोली.

विषय : आपल्या खोलीतील एसीची गळती कृपा करून दुरुस्त न करण्याबाबत.

संदर्भ : गेल्या मंगळवारी आपण एका दमात दिलेले दोन तोंडी आदेश.

महोदय,

नळदुरुस्तीवाले सोमवारी येणार आहेत, म्हणून अर्जदार नमनाला घडाभर तेल न घालता पुढील हकिकत सादर करतो.

१. अर्जदार बावीस वर्षे येथील फलक रंगवतो. प्राणी दिसत असेल तर ‘आढळतो’, पाच वर्षे कोणास दिसला नाही तर ‘आढळत असे’, हा आपल्या कार्यालयाचा नियम. पहिल्या वीस वर्षांत असे तीन फलक बदलावे लागले, गेल्या दोन वर्षांत अकरा. उन्हाळा हटता हटत नाही, मग एका दुपारी चार महिन्यांचा पाऊस कोसळतो, आणि दोन्हींनंतर अर्जदारास फलकांच्या अक्षरांसाठी पिवळा रंग मागवावा लागतो. भूतकाळावर त्याचा हात इतका बसला आहे की परवा घरच्या पाटीवर त्याने स्वतःच्या कुटुंबाविषयी ‘येथे राहत असत’ असे लिहिले. पत्नीने जेवण वाढण्याआधी ते दुरुस्त करून घेतले.

२. मंगळवारी आपण टकटक्या बेडकाचा फलक भूतकाळात नेण्यास सांगितले आणि त्याच श्वासात एसीची गळती एकदाची बंद करण्यासही. अर्जदाराने लगेच सुरी घेऊन ‘आढळतो’मधील शेवटचा काना व मात्रा खरवडून काढली. उरलेले ‘आढळत’ दोन्हीकडे चालते, त्यामुळे रंग वाचतो. ही त्याची जुनी सवय आहे. मग ब्रश धुण्यासाठी पाणी घ्यायला तो मागच्या जिन्यात गेला. आपल्या एसीची नळी तेथे ठिबकते आणि खाली बादली असते. सफाईवाल्या मावशींनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, “बादली हलवू नका, आत पाहुणा आहे.”

३. पाहुण्याच्या पाठीवर पिवळी रेघ होती, डोळ्याभोवती तांबडे कडे होते. फलकावरची ही वाक्ये अर्जदाराने स्वहस्ते रंगवलेली असल्याने त्याला ओळख पटायला वेळ लागला नाही. मावशींच्या सांगण्यानुसार, मागील वर्षी पुराचे पाणी मागच्या दारातून जिन्यावर चढले, त्यातून हा आला. त्याचा मूळचा टेकडीवरचा ओढा आटला, जिना मात्र ओला राहिला. मावशींना हे आठ महिने ठाऊक होते. कार्यालयास का कळवले नाही, असे विचारता, कोणी विचारलेच नाही, असे त्यांनी सांगितले.

४. फलकाची शेवटची ओळ अशी : ‘आवाज दारावर बोटाने टकटक केल्यासारखा.’ साहेब, या महिन्यात टकटक ऐकून आपण तीनदा “आत या” म्हणालात, कोणी आले नाही, आणि शिपायास चेष्टेबद्दल समज मिळाली. शिपाई निर्दोष आहे. तीन तज्ज्ञांनी ‘बेडूक आढळला नाही’ या अहवालावर आपल्याच टेबलाशी सह्या केल्या, तेव्हाही टकटक चालू होती आणि त्यांतील एकाने उठून दार उघडून पाहिले होते.

५. यावर अर्जदाराच्या पत्नीचा आक्षेप आहे, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. एसीच्या थेंबावर बेडूक जगवायचा आणि त्याच एसीच्या गरम हवेने जग तापवायचे, हा कुठला शहाणपणा, असे ती विचारते. अर्जदारास एवढेच कळते की सोमवारी नवी नळी बसली की मंगळवारी जिना कोरडा पडेल.

६. तरी विनंती की,
(अ) गळती आहे तशी राहू द्यावी. दुरुस्ती अटळच असल्यास मागच्या जिन्याची किल्ली अर्जदारास द्यावी. सुट्टीच्या दिवशीही तो स्वतः येऊन पाणी शिंपडेल, जादा कामाचा भत्ता मागणार नाही.
(ब) फलकावरील ‘टेकडीवरच्या ओढ्यात’ हे शब्द काढून ‘मागच्या जिन्यात’ असे लिहिण्यास मंजुरी मिळावी. टेकडीबद्दल खोटे लिहिण्याची अर्जदाराची इच्छा नाही.
(क) शिपायास दिलेली समज मागे घ्यावी.

७. एक गोष्ट लिहावी की नाही, असा प्रश्न होता. टकटक फक्त नर करतो, आणि मादीने ऐकावी म्हणून करतो, हेही फलकावर आहे. मावशींनी बादली, जिना, गच्चीवरचे पाइप सगळे पाहिले. दुसरा बेडूक नाही. आठ महिन्यांत त्याच्या हाकेला उत्तर देणारे आपण एकटेच आहात. अर्जदारास हे कळल्यापासून ब्रश उचलवत नाही.

फलक सध्या दालनात ‘आढळत’ एवढ्यावरच टांगलेला आहे. पुढे काय लिहायचे ते सोमवारपूर्वी कळवावे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
(सही)
फलक रंगवणारा
दिनांक : २३ मे, शुक्रवार

सोबत :
१. बेडकाचा फोटो (हललेला, बादली मात्र स्पष्ट आहे).
२. सफाईवाल्या मावशींचा अंगठा, साक्षीदार म्हणून.
३. खरवडून काढलेला काना व मात्रा, कागदाच्या पुडीत. काम झाल्यावर परत मिळावी.