मधली खोली अबोली, मागची निळी

राहुरी,
दि. २६ सप्टेंबर १९७१

ती. आक्कास,
चांगुणाचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. खोकल्यातून रक्त पडायचं थांबलं आणि दिवाळीआधी दवाखान्यातून सोडणार, हे वाचून बरं वाटलं. इकडे तुझी भीमा मजेत आहे, बालवाडीत जाते. पाऊस बेताचाच झाला.

घराला रंग चालला आहे. बन्सी पेंटरने मधल्या खोलीच्या भिंतीवर दोन पट्टे ओढून दाखवले, एक अबोली आणि एक गडद निळा. अबोलीने खोली मोठी वाटते, सकाळचं ऊन आत आल्यासारखी. निळ्याने भिंती अंगावर येतात, भरदिवसा दिवा लावावासा वाटतो. पण बन्सी म्हणाला, "निळ्यावर डाग दिसत न्हाईत."

मग त्याने दाजींना विचारलं, "मधल्या खोलीला कोणचा देऊ?"

दाजी म्हणाले, "मला काय इचारतो? घरच्या बाईला इचार."

बन्सी माझ्याकडे वळला. मी अबोली म्हणाले. तुलाही तोच हवा होता, मला ठाऊक आहे.

आक्का, आता आडून लिहीत नाही. वैशाखात माझं दाजींशी लग्न झालं. अण्णांनीच लावून दिलं, मिरजगावच्या देवळात, पाच माणसांत. "मनकर्णा काही आता उठत न्हाई. पोरीला परकी बाई येण्यापरीस मावशी बरी," असं अण्णा म्हणाले. तुला कळवायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

ज्येष्ठात तुला भेटायला आले तेव्हा मी गळ्याशी पदर आवळून बसले होते. तू म्हणालीस, "एवढ्या उकाड्यात कशाला गं?" मी अंगात तापाची कसर असल्याचं सांगितलं. पदराखाली तुझंच मंगळसूत्र होतं, तू जपून ठेवायला दिलेलं. मी नवं करू म्हटलं, तर हे म्हणाले, "हाय ते काय वाईट हाय?"

तुला वाटेल, अण्णांनी ढकललं आणि बिचारी गेली. मी तसंच लिहिणार होते. पण मी नाही म्हटलं असतं तर अण्णांनी ऐकलं असतं. मी नाही म्हटलं नाही. तू आजारी पडलीस आणि मी इथे भाकरी थापायला आले, तेव्हापासूनच या चुलीपुढून उठावंसं वाटत नव्हतं.

रंगाच्या वासाने मळमळतं. तिसरा महिना आहे. म्हणून तुझ्या दुखण्याची भीती वाटते, राग मानू नकोस.

मागच्या कांद्याच्या खोलीला निळा दिला. ती तुझी. घरातून तिकडे जायचं दार विटांनी बुजवलं आणि गल्लीच्या बाजूने नवं पाडलं. तुझं ताट, तांब्या, अंथरूण तिथेच नेऊन ठेवलं आहे. जेवण मी खिडकीतून देत जाईन. माहेरी मिरजगावला जायचं मनात आणू नकोस. मी अण्णांना विचारून पाहिलं, ते ठेवून घ्यायला तयार नाहीत.

आणखी एक. दीड वर्षात भीमाला तुझा चेहरा आठवेनासा झाला. ती मला आई म्हणते. आधी मीच शिकवलं, आता तिला सवय झाली. परवा ओल्या निळ्या भिंतीला बोट लावून विचारत होती, "आई, हितं कोन राहनार?"

मी सांगितलं, "मावशी येणार आहे."

पोरीने टाळ्या वाजवल्या. तू आलीस की ती तुला मावशी म्हणूनच हाक मारील. तिला दुरुस्त करू नकोस. ओ दे.

तुझी धाकटी बहीण,
सौ. चांगुणा