ह्यांचा करार

२ नोव्हेंबर १९८६, रविवार
पुन्हा तेच! चर्चमधली उपासना संपली आणि मला नेरूळच्या स्टॉपवर एकटीला सोडून हे गायब. संध्याकाळी आले. अंगाला डेटॉलचा वास. कुठे होतात, विचारलं. म्हणे, काम होतं. रविवारी कसलं काम? तर देवाशी करार केलाय! देवाचं नाव पुढे केलं की बायकोने गप्प बसायचं.

५ नोव्हेंबर
झोप नाही. नंदूला डंपरने उडवलं तेव्हापासून आम्ही धड बोलत नाही. एकुलता एक मुलगा आमचा. अशा वेळी पुरुष दुसरीकडे ओढला जातो म्हणतात.

९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीआधी पाळकसाहेब करारावर बोलले. देव आधी हात धरतो, मग आज्ञा देतो. हात सुटेल या भीतीने पाळायची नाही, धरलाय म्हणून पाळायची. हे मान डोलावत होते. मी नाही. धरला होता, तर नंदूचा का सोडला?

१२ नोव्हेंबर
शेजारच्या मीनाताईंनी ह्यांना घणसोली गावात पाहिलं. गोजरा नावाच्या बाईच्या घरात शिरताना. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या.
वाटलंच होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
ह्यांच्या मागच्या बसने मीही घणसोलीला गेले. गावठाणात घराला घर खेटलेलं. गोजराचं घर विचारत गेले. दार उघडंच. खाटेवर लुळा पडलेला माणूस, आणि हे बाह्या सरसावून त्याची चिघळलेली पाठ पुसतायत. त्याने मान वळवली — देवजी. डंपरवाला! कोर्टातून सुटला तेव्हा ह्याच तोंडावर थुंकायला मी धावले होते.
तशीच परत फिरले.
ह्यांनी घरी सगळं सांगितलं. देवजीला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, बायको माहेरी निघून गेली. गोजरा त्याची बहीण, त्यानंतर त्याला सांभाळायला आलेली.
"माया वाटते त्याची?" मी विचारलं.
"नाही. किळस येते. वैऱ्यावर प्रीती करा, अशी आज्ञा आहे म्हणून जातो."
"मग मला का नाही सांगितलंत?"
"तू अडवलं असतंस. आणि मी थांबलो असतो."

१९ नोव्हेंबर
अजून पटत नाही. इतका चांगला असतो का माणूस? की मला लाजवायला चाललंय हे? आज्ञा ह्यांना असेल. मला कुणी काही सांगितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
ह्यांना ताप. मी गेले. का, ते माहीत नाही.
गोजरा भावाला पेज भरवत होती. "तुमी कोन?"
"नंदूची आई."
कोण नंदू, तिला कळेना. ह्यांनी कधी सांगितलंच नव्हतं — चर्चमधले कुणी भले गृहस्थ, एवढीच तिला ओळख. मग मीच सांगितलं. ती भिंतीला टेकली. वाटी कलंडायला लागली. देवजी माझ्याकडे बघत होता. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.
वाटी मी घेतली. भरवलं.