टाकी सीटखाली घेतली ते बरं झालं

काठमांडू, १२ नोव्हेंबर १९७२

तीर्थरूप दादांना राधाकृष्णचा साष्टांग नमस्कार.

मी, नृसिंह आणि आपली जुनी डिझेल जीप, तिघंही कालच इथं धड पोचलो. आईला सांगा, स्वेटर घालतोय. नृसिंहचा ताप उतरलाय, पण ते तिला सांगू नका.

दादा, घाटात एका चढावर दरड पडून नुसता चिखल झाला होता, खाली दरी. आमच्या पुढच्या जीपला मागं डिझेलचे दोन बॅरल बांधलेले, अगदी माझ्या मॅगझिनमधल्या फोटोसारखे. चढावर तिची पुढची चाकं हलकी झाली, स्टिअरिंग वळेचना. शेवटी दोर लावून ओढली. मग मी चारही चाकांचा गिअर टाकला, आणि आपली जीप जमीन धरून सरळ वर गेली.

तिसगावला गहिनीनाथ मिस्त्रींच्या शेडमध्ये मी तोच फोटो दाखवून डिझेलची जादा टाकी मागं लावायला सांगत होतो, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "मागं वजन टाकलं की गाडी उलाळ हुती, जू वर उचलतंय. टाकी मधी घे, सीटखाली." मी सगळ्यांसमोर हसलो, "दादा, ही जीप आहे, बैलगाडी नाही!" मिस्त्रींनी गुपचूप तुमचंच ऐकलं, म्हणून आज हे लिहितोय. निघताना तुम्ही दारात आला नाहीत, ते बरोबरच होतं.

विहिरीला पाणी टिकलंय का? ज्वारीचं काय?

बोललो चारचौघांत, तर माफीही चारचौघांत हवी. हे पत्र शेडमध्ये न्या आणि मोठ्यानं वाचा. मिस्त्री हसले तर हसू द्या.

तुमचा,
राधाकृष्ण