मावशीचा डावा कल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून ते स्वतःच वैद्य आणि स्वतःच रोगी असं चाललंय? आमच्याकडे सगळं ठीक आहे. मी सध्या बसू शकत नाही, म्हणून हे पत्र दुकानातल्या कापायच्या टेबलाशी उभ्यानेच लिहितोय. शिंप्याचा जन्म निम्मा उभ्यानेच जातो, त्यामुळे त्याचं विशेष काही वाटत नाही. तुझ्या भावजयीने मात्र घरातल्या सगळ्या उशा एका खुर्चीवर रचून ठेवल्या आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कशासाठी हे ती न विचारता सांगते.

तर आमच्या घोडेस्वारी क्लबची वार्षिक कॅम्पिंगची सहल पार पडली. तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल (आमच्या क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांची बायको तुझ्या नणंदेची मैत्रीण आहे, हे मी विसरलेलो नाही), म्हणून खरं काय घडलं ते माझ्याकडूनच कळलेलं बरं. यंदा पुढारीपण माझ्याकडे होतं. आमच्यात रांगेत सगळ्यांत पुढे जो चालतो त्याला मोहरक्या म्हणतात. मोहरक्याला ओलांडून पुढे जायचं नाही आणि त्याला वाटेबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत, असा क्लबचा जुना नियम आहे. नियम आमच्या अध्यक्षीणबाईंनी घातलेला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आणि प्रश्न विचारणारी माणसं त्यांना शाळेतही फारशी आवडत नसत. इतकी वर्षं त्याच मोहरक्या होत्या. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्या सामानाच्या जीपमधून आल्या आणि मोहरक्याचं लाल जॅकेट मला मिळालं. (ते नवं जॅकेट मीच शिवलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला बसेना, हा निव्वळ योगायोग. क्लबात एक विमा एजंट आहेत, आमचे विमावाले, ते उगीच काहीही बोलतात.)

मोहरक्याची घोडी म्हणजे आमची मावशी. राखाडी रंग, जाड मान, चेहऱ्यावर कायम कुणीतरी उसनं नेलेलं पातेलं परत न केल्यासारखा भाव. क्लबातले बाकीचे घोडे तिचं शेपूट बघून चालतात; शेपूट दिसेनासं झालं की जागच्या जागी उभे राहतात. पण आता तिचं वय झालं, तिला क्लबातून काढून नवा घोडा आणावा, असं टुमणं विमावाल्यांनी लावलं होतं. शेवटी कमिटीने ठरवलं की या सहलीत मावशी नीट चालली तर राहील, नाही तर तिला जे कोण नेईल त्याला देऊन टाकायचं. ताई, मला ती घोडी फार आवडते. दुकान बंद केलं की मी रोज पागेत जातो, ती माझ्या खिशात तोंड घालून गाजर काढते आणि मी तिला दिवसभराची गिऱ्हाइकं सांगतो. म्हणून मी ठरवलं होतं की सहल अशी करून दाखवायची की विमावाल्यांचं तोंड कायमचं बंद व्हावं.

कॅम्प झाडीजवळच्या माळावर लावला होता. सकाळी तिथून निघायचं, झाडीतून तळ्यावर जायचं, तिथे जेवायचं आणि परत यायचं, असा बेत. अध्यक्षीणबाई जीप घेऊन रस्त्याने आधीच तळ्यावर गेल्या होत्या. मी नकाशा घेतला नाही. मोहरक्याने नकाशा बघितला तर मागच्यांचा धीर सुटतो. लगाम डाव्या मुठीत घट्ट आवळून धरला आणि उजवा हात दिशा दाखवायला मोकळा ठेवला, कारण पुढारी दिसायलाही पुढारी वाटला पाहिजे. मधूनमधून मी उजवा हात लांब करून तळ्याची दिशा दाखवत होतो आणि मागची रांग शिस्तीत येत होती. मावशी एकदोनदा मान झटकून कुरकुरली, पण या वयात बायका कुरकुरायच्याच. (हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस, ते माझ्याशी सहमत होतील आणि मग तुमच्यात वाद होईल.) दातांचे डॉक्टर एकदा म्हणाले की मघाशी ऊन उजव्या गालावर होतं, आता डाव्यावर कसं आलं. मी त्यांना नियमाची आठवण करून दिली.

बऱ्याच वेळाने झाडी संपली आणि समोर दुसऱ्याच कुठल्यातरी क्लबचा कॅम्प दिसला. मला या गोष्टीचा राग आला, कारण तो माळ आमचा असल्यासारखाच आहे. पण मी संयम राखला आणि संधीचा उपयोग करायचं ठरवलं. रांग थांबवली आणि कॅम्प कसा नसावा याचा आमच्या सभासदांना पाठच दिला. तंबूंच्या दोऱ्या सैल. दोरीवर मोजे, तेही ओले, तेही जेवणाच्या जागेच्या अगदी वर. पातेल्यावर झाकण नाही. बटाट्यांची साल जिथे पडली तिथेच. ज्यांच्या घरात वळण नाही त्यांच्या तंबूत कुठून येणार, असंही मी म्हणालो. सगळ्यांना पटलं. विमावाले तर म्हणाले की असल्या लोकांना क्लबात घेतातच कसे, आणि मग दोरीवरच्या एका टॉवेलाकडे बघून म्हणाले की हा अगदी माझ्या टॉवेलासारखा आहे. तेवढ्यात मावशी कुणाला न विचारता चालत गेली आणि खुंट्याशी जाऊन उभी राहिली. मी उतरलो आणि तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेल्या माणसाला उठवून नम्रपणे तळं कुठे आहे ते विचारलं. त्याने वर्तमानपत्र बाजूला केलं. तो आमचा आचारी होता. तो म्हणाला, "लवकर आलात. बटाटे अजून कच्चे आहेत."

अध्यक्षीणबाई तळ्याकाठी ब्रेड आणि उकडलेल्या अंड्यांची टोपली घेऊन आमची वाट बघत बसल्या होत्या. त्या संध्याकाळी परत आल्या तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, आणि त्यांचं न विचारणं काय असतं ते त्यांच्या विद्यार्थ्यांनाच माहीत.

सहलीनंतर मीटिंग झाली. विमावाले उभे राहिले आणि म्हणाले की मावशीने इतकी वर्षं मैदानात नवशिक्यांना पाठीवर घेऊन गोल गोल चकरा मारल्या, त्याही डावीकडून, त्यामुळे आता तिला सरळ चालताच येत नाही. आपण सगळे एक मोठी चक्कर मारून आलो. लोकांनी माना डोलावल्या. ताई, माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उभाच होतो (कारण तुला माहीत आहे), तसाच पुढे झालो आणि ठणकावून सांगितलं की घोडीत तसूभरही दोष नाही. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर दुसऱ्या कुणालाही तिच्यावर बसवा, त्याच वाटेने पाठवा, मी त्या दिवशी माळावर पाऊलसुद्धा ठेवणार नाही. ती सरळ तळ्यावर गेली नाही तर मीही क्लब सोडीन. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि रविवारी चाचणी घ्यायचं मान्य केलं. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

तर अशी हकिकत आहे. रविवारची मला काडीची चिंता नाही. तुम्हा दोघांच्या तब्येतीला जपा. भाऊजींना नमस्कार, पोरींना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. चिंता नाही, तरी विचारून ठेवतो. तुमच्या घरामागे जी शेड आहे, जिच्यात भाऊजी जुने टायर आणि मोडकं कपाट ठेवतात, ती रिकामी होईल का? मावशी फार जागा घेत नाही. तिला सहवास मात्र लागतो, आणि भाऊजींसारखीच ती जेवल्यावर लगेच झोपते.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तोवर रविवार होऊन गेला. विमावाले मावशीवर बसले. घाबरून त्यांनी लगाम सोडूनच दिला आणि दोन्ही हातांनी खोगीर धरलं. मावशी नाकासमोर चालत सरळ तळ्यावर गेली, पाणी प्यायली आणि आली तशी परत आली. म्हणजे माझाच शब्द खरा ठरला. मावशी राहणार, असं कमिटीने एकमताने ठरवलं. मला ते पागेत कळलं आणि मी तिच्या मानेला मिठी मारून चक्क रडलो, हे तुला सांगायला लाज कसली. त्यानंतर अध्यक्षीणबाईंनी घोडीत दोष नाही तर मग कुणात, असा प्रश्न काढला, सहलीत मी लगाम कसा आवळून धरला होता ते डाव्या मुठीने सर्वांना दाखवायला लावलं आणि लाल जॅकेट काढून घेतलं. आता मोहरक्या विमावाले आहेत. माझी जागा रांगेच्या शेवटी, आचाऱ्याच्याही मागे. जॅकेट त्यांच्या पोटावर बसत नाही, आणि ते सैल करून द्यायचं काम माझ्याकडेच आलं आहे.

शेवटची ता. क. शेड नको. पण थोडे दिवस मी येऊन राहिलो तर चालेल का? विमावाले रोज मापासाठी म्हणून दुकानात येतात आणि बाही डावीकडे वळणार नाही ना, असं गिऱ्हाइकांदेखत विचारतात. टायर हलवायची गरज नाही, मी बाहेरच्या खोलीत मावेन. शनिवारच्या गाडीने निघतो. स्टेशनपासून तुमच्या घरापर्यंतची वाट मला तोंडपाठ आहे, तरी भाऊजींना घ्यायला पाठव.