साच्यातलं टेंगूळ

रविवार, संध्याकाळ

आज क्लबात आमच्या शिडाच्या होड्यांच्या इतिहासाची पुस्तिका वाटली. त्यात म्हणे, होड्या घडवायचा साचा मुंबईहून आणला! अरे, तो माझ्या वडिलांनी, आबांनी, कसबा बावड्यातल्या शेडमध्ये केला की! ओल्या साच्यात त्यांचं कोपर रुतलं, म्हणून प्रत्येक होडीच्या नाकाशी तेच टेंगूळ. आबा साचा दुरुस्त करणार होते, तर क्लबानंच अडवलं. पहिल्या होडीला टेंगूळ, तर सगळ्यांना पाहिजे, नाहीतर शर्यत बरोबरीची कशी?

अध्यक्षांना जाब विचारला, तर म्हणतात, "पुरावा हाय का तुमच्याकडं?"

पुरावा! बोलताना त्यांचा हात स्वतःच्याच होडीवर होता. नेमका त्या टेंगळावर.

आणि मी? पुस्तिका घेऊन घरी आले.