सातबाऱ्यावरचा पासवर्ड

६ जानेवारी, मंगळवार

आज सुरक्षा तपासणारा स्कॅनर सोडला! आमच्या दिंडोरीच्या द्राक्ष सोसायटीच्या वेबसाइटवर — म्हणजे तिच्या हुबेहूब नकलेवर, खरीवर नव्हे. शेतकऱ्यांनी लॉगिन करून फवारणीच्या नोंदी टाकायच्या. साइट बांधली माझ्या ऑफिसातल्या सुयशने, तिच्या सुरक्षेतली भोकं शोधायची मी. म्हणतो, "एक जरी सापडलं तर मिसळ माझ्याकडून." ऐट बघा! लग्नानंतरही असाच छाती काढून फिरणार.

लग्न! दादांना अजून त्याचं नावही माहीत नाही. माझे वडील माणूस चांगले, पण आडनाव विचारल्याशिवाय कुणाला चहा पाजत नाहीत. सुयशचं आडनाव ऐकलं की हातातला कप खाली ठेवतील. भीती वाटते. खूप. म्हणून फक्त इथेच लिहिते — घरच्या कॉम्प्युटरवर, फाइलला कुलूप घालून.

७ जानेवारी, बुधवार

स्कॅनरला काही सापडलं नाही. पासवर्ड ओळखणारं टूलही थकलं. हजारो शब्दांची यादी त्याच्याकडे, सगळी परदेशी. सुयश शीळ घालत फिरतोय. असह्य!

८ जानेवारी, गुरुवार

दादा ओट्यावर बसून मोबाईलवर फवारणी नोंदवत होते. स्वतःची नव्हे — शेजारच्या पुंजारामकाकांची! त्यांच्या खात्यात शिरून!

"काकांचा पासवर्ड कुठून आणला?"

"आणायचं काय त्यात? जमिनीचा गट नंबर! समद्यांचा त्योच हाय. सातबाऱ्यावर लिव्हलेला, इसरायची भीती नाय."

सातबारा! जो कुणालाही बघता येतो! मी कपाळावर हात मारून हसत सुटले. दादांना कळेना, पोरीला झालं काय.

९ जानेवारी, शुक्रवार

टूलला गावातल्या गट नंबरांची यादी दिली. चहा येईपर्यंत निम्म्याहून जास्त खाती उघडी! सुयशचा चेहरा!! मिसळ खाल्ली, वर दोनदा तर्री मागितली.

खाताना म्हणाला, "जगाची भोकं शोधतेस, घरी मात्र तोंड उघडत नाहीस." लागलं ते. खरंच आहे.

घरी दादांना अर्धा तास व्याख्यान दिलं — कुणालाही ओळखता येईल असा पासवर्ड ठेवायचा नाही! दादा मान डोलावत होते. जरा जास्तच मन लावून.

११ जानेवारी, रविवार

सकाळी चहा घेताना दादा म्हणाले, "त्या सुयशला आण की घरी. आडनाव काय का असंना. कप खाली नाय ठेवायचो मी."

कप मीच खाली ठेवला. हे मी इथे सोडून कुठेच बोलले नव्हते. आणि या फाइलचा पासवर्ड — २१७. आमच्या मळ्याचा गट.

दादा, वाचताय ना? शनिवारी सुट्टी असते त्याला.