धुऱ्यावरचा बुरूज

६ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर सलीमभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. हे गेले तेव्हापासून यांचा डबा तिथेच राहिला होता. रोज संध्याकाळी दोघं मित्र किल्ल्यांचा गेम खेळत बसायचे. घरी आल्यावर जेवताना चार शब्द निघत नसत. "लय हसवे भाभी तो आमाले," सलीमभाई म्हणाले. मला ते ऐकायचं नव्हतं.
डबा घासून ठेवलेला. त्याचाही राग आला.

८ नोव्हेंबर
कर्ता पुरुष गेलेल्या घरांतल्या मुलांची नावं वर पाठवायची आहेत. माझ्या एकट्या वर्गात सहा. शिपाई नवीन आहे. "बाई, तुमच्याकडं बी कापसाच्या कर्जापायीच का?" नाही म्हटलं, कावीळ.

१३ नोव्हेंबर
आज यांच्या खुर्चीवर सलीमभाईंचा मेव्हणा जावेद. पडद्यावर यांची निळी गढी. यांचा निळा, स. चा हिरवा, समोर कॉम्प्युटरचं लाल सैन्य. हे दवाखान्यात गेले त्या दिवशी डाव अर्धा राहिला, तसाच ठेवला होता.
"जावेद म्हणते, पुरा करू."
हात लावायचा नाही, म्हटलं. आवाज चढला. गिऱ्हाइकं बघायला लागली.
"मंग निळा कोण खेळीन, भाभी?"
"मी."
घरी येऊन लाज वाटली. मला माऊस धरता येत नाही.

१५ नोव्हेंबर
सरावासाठी दुसरा, नवा डाव. गडी लाकडाला पाठवले, दगड जमवला, चारी बाजूंनी तट घातला. मनात खूश.
"भाभी, दरवाजा?"
ठेवलाच नव्हता. माझे गडी मोळ्या घेऊन तटाबाहेर उभे. जावेद पोट धरून हसला. स. म्हणाले, "हसू नको बे. त्यानंही पयल्या दिवशी असंच केलतं."
बरं वाटलं. मग तेच टोचलं. यांचा पहिला दिवस स. ना माहीत, मला नाही.

२१ नोव्हेंबर
शिकले: बुरूज घराला चिकटून नाही, दूर, घाटाच्या तोंडावर. नाहीतर खाणीवर. दोन बुरूज असे की एकाचे बाण दुसऱ्याच्या पायथ्याशी पोचले पाहिजेत. हे सगळं म्हणे यांनीच स. ना शिकवलं. मला कधी...
मी तरी कुठे विचारलं.

२७ नोव्हेंबर
यांचा अर्धा डाव उघडला. नुसता पाहायला. खाण उघडी, घाट मोकळा, खाली लाल सैन्य जमलेलं. एकच बुरूज, तोही वावराच्या कोपऱ्यात, धुऱ्यावर, बांधावर. तिकडून कोणी येत नाही.
स.: "याच्यावरूनच आमचं भांडण. काहून बांधला बे वावरात? तर हसे नुसता. सांगे नाही."
मी बघत राहिले. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माहेरी, दर्यापूरकडे, तुरीत रानडुकरं शिरत होती. बाबांनी धुऱ्याच्या अशाच कोपऱ्यावर मचाण बांधलं होतं. आम्ही दोघं रात्री जागलीला. हे अकोल्याचे, वावर माहीत नाही. पान हललं की डबडं बडवायचे. बाबा काठी घेऊन पळत यायचे, "कुठं आहे, कुठं आहे?" हे हसून हसून मचाणावर आडवे.
"तुमाले काई समजलं का, भाभी?"
नाही, म्हटलं.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी आहे जे यांच्या मित्राकडे नाही.

३० नोव्हेंबर
स. नमाजला गेलेले. जावेद हळूच म्हणाला, "भाईजाननं त्या खुर्चीवर कोणाले बसू नाही देल्लं. मी त्या दिवशी पयल्यांदाच बसलो, अन् तुमी आल्या."


४ डिसेंबर
डाव सुरू केला. माझा हात निळ्यावर. दगड एका बुरुजापुरताच.
जावेद: "वावरातला पाडा. त्याचा बी दगड भेटते, घाटावर दोन होतीन. एकानं गढी नाई वाचत."
स. पडद्याकडेच बघत म्हणाले, "पाडू नका एवढ्यात. आधी सांगा, त्यानं काहून बांधला तो. तुमाले माहीत आहे, भाभी. त्या दिवशी तुमचं तोंड पायलं मी."
घाटाखाली लाल सैन्याचा नगारा वाजायला लागला.
थांबवा, म्हटलं. उद्या येते.
"डाव इथंच ठेवतो," ते म्हणाले. जावेदला उठवलं, मशीनवर कापड टाकलं.
सांगितलं तर ते मचाण त्यांचंही होईल. नाही सांगितलं तर उद्या बुरूज पाडताना मी एकटीच...
आत्ता लक्षात आलं. माझा डबा तिथेच राहिला.